बेकॲपलचे चार दिवस

बेकॲपल कुणासाठी थांबत नाही. ऑगस्टात ऊन पडलं की टेकडीमागच्या पाणथळ माळावर हे बोराएवढं रानफळ लाल दिसायला लागतं, आणि नवखा माणूस धावत जाऊन नेमकं लालच तोडतो. ते कच्चं असतं. इतर फळं पिकून लाल होतात, हे पिकता पिकता फिकं होतं, मधाच्या रंगावर येतं आणि बोटांत धरलं तर दबेल इतकं मऊ पडतं. एका देठाला एकच फळ. ते असं मधाच्या रंगावर असतं फार तर चार दिवस. मग वारा येतो, पाऊस येतो, आणि सगळं शेवाळात मिसळून जातं.

मॅगीज कोव्हच्या फिलोमिना डाल्टनला हे कुणी सांगायला नको होतं. खाडीतली शाळा चालू होती तोवर तिथल्या सगळ्या लहान मुलांना हे तिनेच शिकवलं होतं. ती मुलं आता बापे झाली होती, बोटी चालवत होती, आणि अजून तिला ‘मिस’ म्हणत होती. पण मिस स्वतः गेले दोन उन्हाळे माळावर फिरकली नव्हती.

कारण घरात होतं, स्वयंपाकघरातल्या दिवाणावर बसून खिडकीतून पाण्याकडे बघत होतं. तिचा नवरा अँब्रोज. चाळीस वर्षं स्वतःच्या बोटीवर स्किपर होता. आता बोट विकलेली होती, पण ते त्याच्या ध्यानात राहत नसे. एका जानेवारीत तो सपाता घालून बर्फातून थेट धक्क्यापर्यंत गेला होता, ‘बोट बघून येतो’ म्हणून. फिलोमिनाने त्याला ओढत घरी आणलं, पाय शेकले, आणि त्याच दिवशी मागच्या दाराला आतून कडी बसवली, अगदी वर, त्याची नजर जाणार नाही अशा जागी. तेव्हापासून कडी लागलेलीच असे.

सुरुवातीला शेजारपाजारचे लोक येत असत. गस यायचा, लोरेटा यायची. मग हळूहळू सगळे येईनासे झाले. फिलोमिनाने त्यांना बोल लावला नाही. तोच तोच प्रश्न पाच-पाच मिनिटांनी विचारणाऱ्या माणसापाशी कोण किती वेळ बसणार? ती बसायची. तिचा तो माणूस होता. पण कधीकधी भांडी घासताना तिला वाटे, आपण दोघं एका बोटीत बसून किनाऱ्यापासून फार लांब आलो आहोत, आणि किनाऱ्यावर कुणी हातही हलवत नाही.

सोमवारी तिच्या धाकट्या बहिणीचा, रेजिनाचा, फोन आला.

“वर जाऊन बघून आले. लाल आहेत. गुरुवारपर्यंत होतील.”

“तू जा. मला एक बरणी दे.”

“दोन वर्षं बरण्याच देतेय तुला. या वेळी स्वतः वाकून तोड. त्या नर्सला फोन कर, ती सांगत होती ना, दिवसभर बसायला कुणीतरी पाठवतात म्हणून?”

नर्स हे वर्षभर सांगत होती. ‘तुम्हालाही विसावा हवा, मिसेस डाल्टन.’ फिलोमिना दर वेळी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायची. पण या वेळी रेजिना फोन ठेवेचना. बहिणीचा फोन संपवायचा तर नर्सला फोन करते असं कबूल करणं भाग होतं, आणि एकदा कबूल केलं म्हणजे केलं.

गुरुवारी सकाळी फिलोमिना तयार होऊन बसली. पांढरी बादली, पावाचे तुकडे, थर्मास, माशा चावू नयेत म्हणून नवऱ्याचाच एक जुना शर्ट. रेजिना अंगणात ट्रकमध्ये बसून होती. अँब्रोज चहात डब्यातलं दूध घालत होता. आणि समोरच्या दारावर टकटक झाली.

मॅगीज कोव्हमध्ये कुणी दार वाजवत नाही. मागचं दार ढकलायचं, आत यायचं, दिवाणावर बसायचं. चहा आपोआप पुढे येतो. आणि समोरचं दार तर कुणी वापरतच नाही. डाल्टनांच्या समोरच्या दाराला पायऱ्याही नव्हत्या, खाडीतल्या निम्म्या घरांना नव्हत्या. ते दार पाद्रीबाबांसाठी, पोलिसांसाठी आणि शेवटी शवपेटी बाहेर न्यायला. तिथे टकटक झाली म्हणजे समुद्राने कुणाला तरी नेलं.

अँब्रोजला आजचा वार सांगता आला नसता. पण हे तो विसरला नव्हता. त्याने कप खाली ठेवला.

“कोण गेलं, फिल?”

“कुणी नाही गेलं. ती बाई आलीय तुझ्याजवळ बसायला.”

“कुणाची बोट? लिओची?” लिओ त्याचा भाऊ, समुद्रावर जाऊन परत न आलेला, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. “बूट दे माझे. गसला सांग, माणसं गोळा कर म्हणावं.”

फिलोमिनाने समोरचं दार उघडलं, तर दारात कुणीच नाही. खाली बघितलं तेव्हा उंबऱ्याच्या पातळीला एक गोल, सावळा, हसरा चेहरा दिसला. हात वर करून बिचारीने दाराच्या तळाशी टकटक केली होती.

“गुड मॉर्निंग, मॅडम. मी मारिविक. तुमच्या पायऱ्या कुठे गेल्या?”

“अगं बाई, मागून ये, मागून!”

मारिविक घराला वळसा घालून आली, फिलोमिनाने कडी काढली, तोवर अँब्रोज बूट चढवून, टोपी हातात घेऊन दारात उभा. त्याने मारिविककडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले.

“बाई,” तो म्हणाला, “धीर धरा. तुमच्या माणसाला आम्ही शोधून आणू.”

मारिविक गोंधळली. “माझा माणूस घरी आहे, सर. झोपलाय. रात्रपाळी होती त्याची.”

“आणू आम्ही,” अँब्रोज म्हणाला, आणि तिला बाजूला सारून धक्क्याकडे निघाला.

त्याला परत आणण्यात, बूट काढण्यात, लिओबद्दल पुन्हा पुन्हा सांगण्यात दुपार झाली. रेजिनाने ट्रक बंद करून आत येऊन बटाटे सोलले. मारिविक कोपऱ्यातल्या खुर्चीवर, आपणच कुणाला तरी बुडवलं अशा चेहऱ्याने बसून होती. शेवटी अँब्रोज थकून दिवाणावर झोपला.

“झालं,” फिलोमिना बादली दिवाणाखाली सारत म्हणाली. “मी म्हटलंच होतं. जमायचं नाही.”

“शनिवारपर्यंत टिकतील,” रेजिना म्हणाली.

“मला नाही जायचं.”

“मी शनिवारी येऊ शकते, मॅडम,” मारिविक हळूच म्हणाली. “पण मग दार कसं वाजवू?”

“वाजवायचंच नाही.”

“लोकांच्या घरात तशीच शिरू?”

तिच्या आवाजात खरीखुरी भीती होती. फिलोमिनाने तिच्याकडे नीट बघितलं. ही मुलगी वाईट नव्हती, चांगल्या वळणाची होती. तिचं वळण दुसऱ्या गावचं होतं एवढंच. आणि कुणाला काही येत नाही असं दिसलं की ते शिकवल्याशिवाय फिलोमिनाला राहवत नसे. ती उठली.

“चल बाहेर. आता आत ये बघू.”

मारिविक बाहेर गेली. दार लागलं. मग दारावर एका बोटाने, अगदी हळू, टक.

“ऐकू आलं हं!” रेजिना आतून म्हणाली.

“हात खिशात घाल,” फिलोमिनाने शिकवलं. “हात मोकळे राहिले की वाजवतात. खांद्याने ढकल दार.”

दुसऱ्यांदा मारिविक खांद्याने दार ढकलून आत आली आणि उंबऱ्यावर थांबली. “आत येऊ का?”

“हे विचारायचं नाही. विचारलंस की मला उत्तर द्यावं लागतं. आणि तू आत आलेलीच आहेस.”

“मग काय बोलू?”

“वाऱ्याबद्दल बोल. येताना वारा कुठला आहे ते बघून यायचं. ‘नैर्ऋत्येचा आहे’ म्हणायचं आणि बसायचं.”

“परवानगी न घेता बसायचं?”

“तो दिवाण कशासाठी आहे तिथे?”

“त्याच्यावर सर झोपलेत.”

“त्याचे पाय बाजूला कर आणि बस,” रेजिना म्हणाली. “सगळे तसंच करतात.”

मारिविकला हसू फुटलं. तिच्या गावीही लोक दार वाजवत नाहीत, ती म्हणाली. खाली जिन्यापाशी उभं राहून हाक मारतात, ‘माणूस आलंय हो’ अशा अर्थाची. पण वरून कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय पायरी चढत नाहीत. न बोलावता चढतं ते फक्त मांजर.

“मग मांजरासारखी ये,” फिलोमिना म्हणाली. “पुन्हा कर.”

तिने पुन्हा केलं. आणखी दोनदा केलं. आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फिलोमिना ज्या शब्दांनी शाबासकी द्यायची तेच शब्द तिने वापरले, आणि मारिविकच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटच्या खेपेला ती धाडकन आत आली, “वारा पडलाय, आज काही खरं नाही,” म्हणाली, आणि अँब्रोजचे पाय उचलून दिवाणावर बसली. अँब्रोजने एक डोळा उघडला.

“चहा दे तिला, फिल,” तो म्हणाला आणि पुन्हा झोपला.

“लक्षात ठेव,” फिलोमिना म्हणाली, “इथे माणसाला दाराबाहेर ताटकळत ठेवत नाहीत. ते वाईट दिसतं.”

मारिविकने मान हलवली. ती मन लावून शिकणारी होती. फिलोमिना तिला कडीबद्दलही सांगणार होती, की तू आत आलीस की वरची कडी लाव. पण शनिवारी सकाळी ते राहूनच गेलं.

शनिवारी सगळं सुरळीत झालं म्हणूनच राहिलं. फिलोमिनाने मारिविकसाठी कडी काढून ठेवली होती. मारिविक आली ती थेट दिवाणावर.

“वारा कुठला?” अँब्रोजने विचारलं.

“नैर्ऋत्येचा, स्किपर.”

“हं. मग दुपारनंतर धुकं येणार नाही.” आणि त्याने स्वतः सरकून तिला जागा दिली. फिलोमिनाने बादली उचलली, गोळ्या कुठे आहेत ते पुन्हा एकदा सांगितलं, सूप कुठे आहे ते पुन्हा एकदा सांगितलं, आणि रेजिनाने तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

ट्रक कच्च्या रस्त्याच्या टोकाशी ठेवून दोघी वर चढल्या. चढ संपला की माळ सुरू होतो: ओलं शेवाळ, काळ्या पाण्याची छोटी तळी, मधूनच वाकडी खुरटी झाडं. आणि जिकडे बघावं तिकडे मधाचे थेंब सांडल्यासारखी फळं.

“कड्यापलीकडे चल,” रेजिना म्हणाली. “तिकडे अंगठ्याएवढी आहेत.”

“इथेच बरी आहेत.”

रेजिनाने तिच्याकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. तिथून खाडी दिसत होती, आणि खाडीत सर्वांत अलीकडे हिरव्या छपराचं डाल्टनांचं घर.

“बरं,” रेजिना म्हणाली.

फिलोमिना तोडायला वाकली. दोन फळं तोडली की मान वर. घर होतं. चार फळं, मान वर. धुराड्यातून नीट धूर येत होता. अँब्रोजला आता चहा हवा असेल. आता तो बोटीचं विचारत असेल. त्याला ‘बोट ओढून वर घेतलीय’ असं सांगावं लागतं, ‘विकली’ म्हणायचं नाही. ते मारिविकला सांगितलं का?

“वीसदा सांगितलंस,” रेजिना म्हणाली.

“मी काही बोलले का?”

“तुझी मान बोलली.”

माशा आल्या, कानांमागे चावल्या. पाठ भरून आली. बादलीचा तळ झाकला. मग कधीतरी हातांनी स्वतःचं काम हातात घेतलं. डावा हात पान बाजूला सारी, उजवा फळ उचली. दबलं तर घ्यायचं, कडक लागलं तर सोडायचं. गुडघ्याखाली शेवाळ ओलं आणि ऊबदार होतं. रेजिना चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या बाईची नक्कल करत होती, आणि फिलोमिना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बसल्यावर आडवं व्हावंसं वाटलं. आडवं झाल्यावर आकाश फार मोठं दिसलं.

“पाच मिनिटं,” ती म्हणाली.

रात्री अँब्रोज उठला की ती उठायची. त्याच्या आधी तिचे कान उठायचे. दोन वर्षांत ती अशी झोपली नव्हती, कान बंद करून. रेजिनाने तिच्या तोंडावर माशांची जाळी टाकली, तिची बादली आपल्याकडे ओढली आणि दोन्ही बादल्यांत तोडत राहिली.

फिलोमिना जागी झाली तेव्हा ऊन दुसऱ्या बाजूने येत होतं. शर्टाची बाही गालावर उमटली होती. अंग हलकं, जड, दोन्ही वाटत होतं. सवयीने तिने मान वळवून खाली बघितलं.

घरामागे गसचा लाल ट्रक उभा होता.

ती उठून बसली. लोरेटा वाटेने वर येत होती, हातात फडक्याने झाकलेलं ताट. तिच्यामागून पॉवरांच्या घरातले दोघे भाऊ, एकेकाळचे फिलोमिनाचे विद्यार्थी, घाईघाईत. घराच्या मागच्या दारातून कुणीतरी बाहेर आलं, अजून कुणालातरी हाक मारली, आणि तेही आत गेलं.

“रेजिना.”

रेजिनाने बघितलं. हातातली बादली तिने तिथेच ठेवली आणि खिशात ट्रकची किल्ली चाचपली.

दोन वर्षं ज्या घरी कुणी आलं नाही, त्या घरी आज सगळी खाडी निघाली होती. झाकलेलं ताट घेऊन. मॅगीज कोव्हमध्ये झाकलेली ताटं कधी निघतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

फिलोमिना पळाली. साठी उलटलेली बाई, ओल्या शेवाळातून, गुडघ्यापर्यंत काळ्या पाण्यात जात, पळाली. मी झोपले होते, एवढंच तिच्या मनात होतं. तो गेला आणि मी झोपले होते. रेजिनाने ट्रक असा हाकला की दोघींची डोकी छपराला लागली. अंगणात ट्रक पुरता थांबायच्या आतच फिलोमिना उतरली आणि मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. आपल्याच घराच्या दाराशी. हात पुढे होईना. मग आतून आवाज आला.

टेबलावर कुणीतरी मूठ आपटली होती.

“पंजी!” अँब्रोज ओरडत होता. “हुकमाची पंजी! घे आता!”

तिने दार ढकललं. स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. टेबलाभोवती गस, पॉवरांचा थोरला, मारिविक आणि मध्ये अँब्रोज, बाह्या वर, गाल लाल. लोरेटा मनुकांचे बन मांडत होती. पॉवरांचा धाकटा शेगडीत लाकूड सारत होता. ताटावरचं फडकं अँब्रोजच्या खांद्यावर होतं, का ते देव जाणे.

“दार लाव, फिल,” अँब्रोज पत्त्यांतून मान वर न करता म्हणाला. “वारा येतोय.”

फिलोमिना जवळची खुर्ची ओढून बसली. बसली म्हणजे पडलीच.

“मिस?” पॉवरांचा धाकटा म्हणाला. “काय झालं? अंगभर चिखल?”

“मला वाटलं...” तिने ताटाकडे बोट दाखवलं. “वरून बघितलं. एवढी माणसं. मला वाटलं, हा गेला.”

क्षणभर कुणाला कळेना. मग लोरेटाने तोंडावर हात ठेवला. गस आधी घोगरा खोकला, मग हसला, मग हसताना त्याला पत्ते खाली ठेवावे लागले.

“स्किपर, ऐकलंत का? तुमच्या मर्तिकाला आलोय आम्ही.”

“कोण मेलं?” अँब्रोजने विचारलं.

“तुम्ही.”

“उतारी कुणाची आहे ते सांग आधी,” अँब्रोज म्हणाला.

आता रेजिनाही दारात येऊन, चौकटीला धरून हसत होती. फिलोमिनाला मात्र हसता हसता रडू आलं, आणि रडता रडता राग.

“आज बरे आलात सगळे! दोन वर्षं कुठे होता?”

खोलीतलं हसू थांबलं. गसने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“दार बंद होतं, फिल.”

“म्हणजे?”

“कडी होती. मी आलो होतो. पहिल्या हिवाळ्यात तीन-चारदा आलो. ढकललं, उघडलं नाही. म्हटलं, फिलला आता कुणी नको असेल. स्किपरला असं बघू नये कुणी, असं वाटत असेल तिला. मग नाही आलो.”

“मीही परत गेले,” लोरेटा म्हणाली. “सूप घेऊन आले होते. खिडकीतून दिवा दिसत होता. म्हटलं, असू दे.”

“अरे पण मग दार वाजवायचं!” फिलोमिना म्हणाली.

लोरेटाने हातातला बन ताटात ठेवला.

“वाजवायचं?” गस म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. “तुझ्या घरी? मी काय पोलीस आहे?”

गसच्या बंद दारापुढे फिलोमिना स्वतः उभी असती तर तिनेही वाजवलं नसतं. गुपचूप घरी गेली असती, आणि वर वाईट वाटून घेतलं असतं.

मारिविक पत्ते उराशी धरून उभी राहिली होती. “माझी चूक, मॅडम. मी आल्यावर कडी लावली नाही. तुम्ही म्हणालात, माणसाला बाहेर ताटकळत ठेवू नये. मग हे ट्रकवाले आजोबा दार उघडं बघून आत आले आणि बसले. मला वाटलं, हीच पद्धत. मी चहा दिला.”

“आजोबा!” रेजिना म्हणाली. “गस, ऐक.”

“आणि हा बाहेर गेला असता तर?” फिलोमिनाने विचारलं.

“गेला ना,” गस म्हणाला. “जेवणानंतर. बोट बघायला. मीही गेलो बरोबर. धक्क्यावर बसलो, पॉवरांची बोट बघितली, तिला नावं ठेवली, परत आलो. स्किपरना पत्ते खेळायचे होते, चौघं हवे होते, म्हणून या दोघांना बोलावलं. लोरेटाला कुणी बोलावलं नव्हतं, ती वास काढत आली.”

“बन नको असतील तर परत नेते,” लोरेटा म्हणाली.

फिलोमिनाने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या नाकाचा शेंडा वाऱ्याने लाल झाला होता. त्याच्यापुढची ताटली चाटूनपुसून साफ होती. दोन वर्षं ती त्याला जपत आली होती, एकटीने, दाराला पाठ लावून. त्यात काही चुकलं होतं असं नाही. बर्फातले ते उघडे पाय तिने हातात धरले होते. पण धक्क्यावर बसून दुसऱ्याच्या बोटीला नावं ठेवायला एक सोबती लागतो, आणि तो तिला होता येत नव्हतं.

“रात्री कडी लावावीच लागेल मला,” ती म्हणाली. “आणि मी एकटी असले की दिवसाही.”

“लाव ना,” गस म्हणाला. “मी खिडकीत तोंड दाखवीन. घाबरू नकोस म्हणजे झालं.”

“तुझं तोंड बघून?” लोरेटा म्हणाली. “दार वाजवलेलं परवडलं. मंगळवारी मी येते, फिल. तू हवं तिथे जा. गुरुवारी ही आहेच.”

मारिविकने मान हलवली. “गुरुवारी मला पत्त्यांचं नीट शिकवा. पंजी राजापेक्षा मोठी का, ते अजून कळलं नाही.”

“ते कुणालाच कळलेलं नाही,” पॉवरांचा थोरला म्हणाला.

लोरेटाने फिलोमिनाच्या हातात चहा दिला. आपल्याच कपातून, आपल्याच घरात, दुसऱ्याने केलेला चहा. तिने दोन घोट घेतले, आणि लोरेटाचं लक्ष तिच्या रिकाम्या हातांकडे गेलं.

“बादल्या कुठायत?”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं.

“वरच,” रेजिना म्हणाली.

“भरलेल्या? माळावर? अगं, पलीकडच्या खाडीतली माणसं आज वर फिरतायत! बसलात काय? पळा!”

मारिविकने घड्याळाकडे बघितलं. तिची जायची वेळ झाली होती. पण गसने हात हलवून तिला ‘जा’ म्हटलं, तो आणि लोरेटा दिवेलागणीपर्यंत बसणारच होते. फिलोमिना उठली, आणि या वेळी तिला दंडाला धरून बाहेर काढावं लागलं नाही.

“ही कुठे चालली?” अँब्रोजने विचारलं.

“बेकॲपल आणायला, स्किपर.”

“मग टोपी घाल म्हणावं. माशा आहेत.” त्याने पत्ते पिसून गसपुढे ठेवले. “काट.”

बादल्या जिथे होत्या तिथेच होत्या, एक काठोकाठ, दुसरी थोडी कमी. पलीकडच्या खाडीतलं कुणी आलं नव्हतं. ऊन तिरपं झालं होतं, तळ्यांतलं काळं पाणी तांबूस दिसत होतं, आणि वारा पडल्यामुळे माशांना जोर आला होता. रेजिनाने दोन्ही बादल्यांवर झाकणं बसवली आणि पाठ सरळ केली.

“चल. पाठ गेली माझी. भूकही लागलीय. त्या बनांतला एक तरी उरेल का?”

फिलोमिना कड्याकडे बघत होती. तिकडच्या उतारावरून घर दिसत नाही, खाडीही दिसत नाही, नुसता माळ आणि त्यापुढे आणखी माळ.

“तिकडे अंगठ्याएवढी आहेत म्हणालीस ना?”

“सकाळी म्हणाले होते. तेव्हा कुणी ऐकलं नाही.”

“उद्या पाऊस आहे.”

“असू दे.”

“अजून उजेड आहे, रेजिना.” तिने कमी भरलेल्या बादलीचं झाकण काढून बहिणीच्या हातात दिलं. “ट्रकमध्ये बस हवं तर. माझा डबा तसाच पडलाय, तो खा. मी येते एवढी भरून.”

“एकटी?”

“मग काय झालं?”

रेजिनाने झाकणाकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत दुसरी बादली एका खडकाच्या आडोशाला ठेवली. फिलोमिना कड्यावर पोचली होती. तिथून तिने मागे वळून हाक मारली, वर्गात मागच्या बाकावर रेंगाळणाऱ्या पोराला मारावी तशी.

“येतेस ना? की बसतेस तिथेच?”

आणि उत्तराची वाट न बघता ती पलीकडे उतरली.